आधी एक रात्र तिथे झोपून बघा: १५ हजारांत पाहुण्यांची खोली

आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये मागच्या बाजूला १० बाय ११ची एक खोली आहे, तिला आम्ही बिल्डिंग झाल्यापासून म्हणजे १९९४ पासून पाहुण्यांची खोली म्हणतो, आणि पाहुणा आला की त्याला हॉलमध्ये गादी घालून देतो. कारण त्या खोलीत इस्त्रीचं टेबल, बंद पडलेली व्यायामाची सायकल, मुलाच्या बारावीच्या क्लासच्या नोट्स आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर राहतं. थर्माकोलवर बंदी आली २०१८ ला, आमचं मखर त्याच्या कितीतरी आधीचं, टाकवत नाही म्हणून राहिलेलं.

यंदा नागपूरच्या वन्सं आणि भाऊजी दिवाळीला आठ दिवस येणार म्हणून फोन आला आणि मी म्हटलं आता बास. नवऱ्याने बजेट दिलं १५ हजार, तेही असं की जणू जमीन विकून देतोय. एका इंटिरियरवाल्याला सहज विचारलं तर त्याने फक्त पीओपी सीलिंगचाच आकडा असा सांगितला की मी चहा पाजून परत पाठवलं. मग सगळं स्वतः केलं, काही चुकलं, काही जमलं, ते सांगते.

सगळ्यात आधी काय करायचं तर काहीही विकत न घेता एक रात्र त्या खोलीत स्वतः झोपायचं. खरंच सांगते, मी गंमत म्हणून झोपले (नवऱ्याच्या घोरण्याचाही वाटा होता त्यात) आणि सकाळी उठून जी यादी केली ती माझ्या आधीच्या यादीपेक्षा पूर्ण वेगळी निघाली. आधीच्या यादीत वॉलपेपर, हेडबोर्ड, एका भिंतीला वेगळा रंग असलं काय काय होतं. रात्रीच्या यादीत हे आलं: मोबाईल चार्जिंगचा प्लग दाराजवळ, पलंगापासून आठ फुटांवर. दिवा बंद करायला अंधारात उठून जावं लागतं. पंखा पाचवर पण वारा दोनचा. खिडकीच्या जाळीला भोक, डास. समोरच्या सोसायटीचा पार्किंगचा दिवा थेट डोळ्यावर. गादीला मध्ये खड्डा, दोन माणसं झोपली तर दोघंही मध्यरात्री मध्ये. आणि बॅग ठेवायला जागाच नाही, कपाट आपल्याच साड्यांनी भरलेलं. यातलं एकही फोटोत दिसत नाही, पण पाहुणा घरी जाऊन जे बोलतो ते हेच बोलतो. म्हणून माझा नियम एकच होता की आधी रात्रीच्या यादीवर पैसे घालायचे, उरले तर दिसण्यावर. रंग मात्र करावाच लागतो, कारण पोपडे पडलेल्या भिंतीखाली नवी चादर घातली तरी खोली आजारीच दिसते.

आता आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी सांगितलं की पितृपक्ष चालू आहे, नवीन काही आणायचं नाही. सुरुवातीला वैताग आला पण तेच बरं झालं! पंधरा दिवस नुसतं बाहेर काढणं आणि घासणं, खरेदी शून्य. खरेदी बंद असली की माणूस खरंच खोली रिकामी करतो नाहीतर आपण पहिल्याच दिवशी कुशन कव्हर घेऊन येतो. रद्दी रद्दीवाल्याला, सायकल आणि जुनं लोखंडी रॅक भंगारवाल्याला, दोन्हीचे मिळून ११४० रुपये आले. जुने जाळीचे पडदे आणि साड्या बोहारणीला दिल्या, तिच्याशी अर्धा तास घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं मिळालं, आई खूश. बाकी बंद पडलेले चार्जर, वायरी, रेडिओ वगैरे कचऱ्यात टाकू नका, सकाळी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात त्यांना विचारलं तर जुन्या वस्तू आणि ई-कचरा कुठे कधी द्यायचा ते सांगतात. मखर अजून माळ्यावर आहे, त्यावर चर्चा नको.

खोली रिकामी झाली की भिंत बघायची. हात फिरवा, तळव्याला पांढरी पावडर लागली तर जुना डिस्टेंपर आहे, त्याच्यावर सरळ इमल्शन मारलं तर वर्षभरात पापुद्रे सुटतात. खरवडायलाच लागतो. खरवडण्याआधी भिंतीवर पाणी मारून दहा मिनिटं थांबा, मग पत्रीने, म्हणजे खरवडायच्या लोखंडी पट्टीने काढा. आम्ही पहिल्या दिवशी कोरडंच घासलं आणि ती पावडर हॉल, स्वयंपाकघर, देवघर सगळीकडे, दोन दिवस पोह्यांत चुना खातोय असं वाटत होतं. खिडकीची लोखंडी चौकट आणि दाराचा जुना ऑइल पेंट तर अजिबात कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायचं, तोंडाला मास्क, आणि खाली पडलेलं ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, झाडूने उडवायचं नाही. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर जुना ऑइल पेंट घासूच नका घरच्या घरी.

मग ओल. आमच्या एका कोपऱ्यात बाथरूमच्या बाजूने ओल आहे, वर्षानुवर्षं त्याच्यावर रंग मारतोय आणि तो दर पावसाळ्यात फुगतोय. ओल भिंतीतून येते का खोलीतल्या दमट हवेची आहे हे बघायला सोपी युक्ती आहे, हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीची हवा दमट आहे, खिडक्या उघडत जा. आमचं भिंतीकडूनच होतं. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उघडे पडलेले, ते खरवडून नवं ग्राउट भरलं, बाहेरून काय वॉटरप्रूफ रंग मारायचा तो नंतर. पाणी जिथून येतं ते बंद केल्याशिवाय आतून कितीही भारी रंग मारा, पैसे भिंतीत जातात. आणि असल्या भिंतीवर ते चिकटवायचे वॉलपेपर तर मुळीच नको, मागे बुरशी धरते आणि वास येतो. मी कोपऱ्यातला तीन फूट भाग खरवडून प्लास्टर उघडं ठेवलं, वाळू दे म्हटलं.

रंगाचा हिशोब बऱ्याच जणांना जमत नाही म्हणून दुकानदार म्हणेल तेवढे डबे घेऊन येतात. भिंतींची लांबी मोजा, आमची ४२ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे साधारण ४०० चौरस फूट, त्यातून दार, खिडकी आणि भिंतीतलं कपाट वजा केलं की ३३०-३४० उरले. साध्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात धरून ६०-७० चौरस फूट होतात असं धरा, जुन्या खडबडीत भिंतीला थोडा जास्तच लागतो. म्हणजे भिंतींना साडेपाच-सहा लिटर. छताला वेगळा पांढरा, त्यात महागडा घ्यायची गरज नाही, छताला कोण हात लावतंय. महागातलं चकचकीत इमल्शन जुन्या भिंतीला नकोच, प्रत्येक उंचवटा दिसतो त्यात, मॅट घ्या. बोहरी आळीत गेलात तर पत्री, रोलर, पॉलिश पेपर, पुट्टी, बिजागऱ्या, कपाटाच्या मुठी सगळं एका फेरीत होतं, फक्त गाडी नेऊ नका, रिक्षाने किंवा बसने जा, रविवार पेठेत पार्किंग शोधण्यात माझा एक पूर्ण गुरुवार गेलाय.

शेडकार्डावरून रंग ठरवायचा नाही. मी ठरवला, आणला, एक हात मारला, संध्याकाळी ट्यूबलाइट लावली तर बिस्किटासारखा दिसणारा रंग चक्क हिरवट, सरकारी दवाखान्यासारखा. नशिबाने दुकानात एक लिटरचाच बनवून घेतला होता. नंतर पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून खोलीत फिरवला, मग ठरलं, अगदी फिका ताकासारखा पांढरा. आधी बल्ब बदला मग रंग ठरवा, हे उलट क्रमाने केलं की फसतं.

घट बसले त्या दिवशी काम चालू केलं, पाऊसही तोवर ओसरला होता. पावसाळ्यात रंगकाम काढू नका, पुट्टी वाळतच नाही. क्रम असा: भेगा आणि खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवायची (लाकडाला वेगळी पुट्टी असते, तिला लांबी म्हणतात), रात्रभर वाळू द्यायची, १८० नंबरच्या पेपरने हलकं घासायचं, पुसायचं, प्रायमरचा एक हात, तो पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन हात. आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. कडेकोपरे आधी ब्रशने मारून घ्या आणि ते ओले असतानाच रोलर फिरवा नाहीतर कडेला पट्टा दिसतो. रंगात पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, जास्त घातलं की पुरवठ्याला येतो पण झाकत नाही, मग तिसरा हात लागतो, म्हणजे वाचलं काय? छतासाठी सोसायटीच्या वॉचमनकडून घोडा आणला होता, नवरा वर, मी खाली, आणि आई दारात उभ्या राहून "तिथं राहिलं बघ" म्हणत होत्या. सगळं सामान धरून ५२०० रुपये गेले, तो हिरवट लिटर त्यातच. पेंटरला दिलं असतं तर मजुरीच याच्याहून जास्त झाली असती.

आता इलेक्ट्रिक, इथे मात्र माणूस बोलवा, स्वतः हात घालू नका. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक प्लग आणि पलंगावरून बंद करता येईल असा दिव्याचा स्विच, एवढंच सांगितलं. भिंत फोडायची नाही, केसिंग पट्टीतून वायर न्यायची, पट्टीला भिंतीचाच रंग मारला की दिसत पण नाही. अर्थिंग आहे का तेवढं तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनचा प्लग असतो पण तिसरी वायर आत जोडलेलीच नसते कधीकधी. बल्ब घेताना खोक्यावर बघा, ६५०० के लिहिलेला पांढरा प्रकाश असतो तो अभ्यासाला ठीक, झोपायच्या खोलीला २७०० किंवा ३००० के घ्या, पिवळसर, त्या प्रकाशात माणसंही बरी दिसतात. तपकीर गल्लीत दिवे स्वस्त मिळतात पण वॉरंटीचं बिल मागून घ्या. आणि पंखा! मी नवा घ्यायला निघाले होते, इलेक्ट्रिशियन म्हणाला ताई थांबा, कंडेन्सर गेलाय. अडीच एमएफडीचा (हे कंडेन्सरचं माप) छोटासा डबा, शंभरच्या आत, आणि पंखा असा फिरायला लागला की कॅलेंडर उडालं. पंखा हळू झालाय तर आधी हे बघा. पाती मात्र पुसा, आमच्या पात्यांवर १९९४ ची धूळ असावी. इलेक्ट्रिशियन, वायर, दोन दिवे, कंडेन्सर मिळून १६५०.

पलंग आमचा जुना सनमायकाचा बॉक्स बेड, तो तपकिरी लाकडी डिझाइनचा, ज्याच्याकडे ९० च्या दशकात फ्लॅट होता त्याच्याकडे हाच बेड असणार. प्लाय चांगला आहे, टाकायचा कशाला. सनमायका गुळगुळीत असतो म्हणून त्यावर सरळ रंग धरत नाही, नखाने निघतो. १८० ने घासून त्याची चकाकी पूर्ण घालवायची, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढायचा, गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा प्रायमर मिळतो तो मारायचा आणि मग इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून. जाड मारला की ओघळ येतात, माझ्या डाव्या बाजूला आहेत दोन, तिकडे भिंत आहे म्हणून वाचले. कपाटालाही तोच रंग आणि बोहरी आळीतून नव्या मुठी, ११५० मध्ये दोन्ही. मुठी बदलताना जुन्या दोन भोकांमधलं अंतर मोजून न्या बरं का, नाहीतर नवी भोकं पाडा आणि जुनी बुजवा.

गादीचं सांगते. फोमची नवी घ्यायला १५ हजारातले निम्मे गेले असते. आमची कापसाची होती, गादीवाल्याकडे देऊन कापूस पिंजून घेतला, थोडा नवा घातला, नवं कव्हर शिवलं, १४०० रुपये, आणि खड्डा गायब. तुमची कॉयरची किंवा फोमची असेल आणि बसली असेल तर तिला काही करता येत नाही, मग बाकीचं सगळं कमी करा पण गादी घ्या.

पडद्यांना लोक उगाच घाबरतात. खिडकी ४ फुटांची, रॉड मी ५ फुटांचा घेतला आणि खिडकीच्या वर अर्धा फूट लावला, म्हणजे पडदा बाजूला केला की पूर्ण खिडकी उघडी आणि खोली उंच वाटते. जुना लाकडी पेल्मेट काढून टाका, त्याच्या वर काय काय सापडतं ते सांगत नाही. ४८ इंच पन्ह्याचं कापड, दोन पडदे, रॉडपासून जमिनीपर्यंत ७ फूट आणि दुमडायला एक फूट, म्हणजे ५ मीटर, सुती असेल तर आटतं म्हणून साडेपाच घ्या आणि शिवायच्या आधी भिजवून काढा. रविवार पेठेतून कापड आणलं, शेजारच्या गल्लीतल्या टेलरने शिवलं. पार्किंगच्या दिव्यासाठी मागे जाड गडद अस्तर लावलं, अस्तर म्हणून आईंची एक जुनी जाड सुती साडी दुहेरी करून वापरली आणि खरंच उजेड अडतो. रॉडसकट ३१०० झाले. खिडकीला वेल्क्रोवर बसणारी नायलॉनची जाळी माप देऊन करून घेतली, ९००, धुवायला निघते.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मी रविवारी सकाळी लवकर गेले, उन्हाच्या आधी. पलंगाशेजारी ठेवायला छोटं सागवानी टेबल ७०० ला आणि लाकडी चौकटीचा आरसा ४५० ला, दोन्हीचा भाव निम्म्यावर आणला असं मला वाटतं, विकणाऱ्यालाही तसंच वाटत असेल. तिथलं लाकूड घेताना उलटं करून बघाच. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी पावडर म्हणजे कीड चालू आहे, मातीचे पट्टे म्हणजे वाळवी, आणि सांध्यांत काळे ठिपके म्हणजे ढेकूण. गाद्या, उशा, कापडी खुर्च्या जुन्या घेऊच नका, कितीही स्वस्त मिळू देत, ढेकूण एकदा घरात आले की १५ हजारात निघत नाहीत. टेबल आणल्यावर दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवलं, घासलं, पॉलिश केलं, वास गेला.

फरशी मोझॅकची, काळी-पांढरी ठिपक्यांची. ती झाकायला विनाइलची शीट घालणार होते, बरं झालं नाही घातली, आता हीच फरशी लोक मुद्दाम नवीन घरात घालतात. फक्त ॲसिडने धुवू नका, मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, ॲसिडने चकाकी कायमची जाते. धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश, गुडघ्यावर बसून. मशीनने पॉलिश करून घेता येते पण त्याचा चिखल पूर्ण घरभर होतो, ते खोलीत काहीच नसताना करायचं काम आहे.

राहिलं ते १३०० मध्ये: दोन साध्या सुती चादरी आणि अभ्रे. पांघरायला सोलापुरी चादर घरात होतीच आणि आईंच्या हातची गोधडी, ती मी पायथ्याशी घडी करून ठेवली, सगळ्यात जास्त कौतुक तिचंच झालं, खर्च शून्य. कपाटाचा एक पूर्ण कप्पा रिकामा ठेवला, चार हँगर, दाराच्या मागे तीन हुक, ओला टॉवेल लोक नाहीतर पलंगावरच टाकतात. बॅगेसाठी जुनाच स्टूल. भिंतीवर काही लावलं नाही, पैसे संपले होते.

सगळं मिळून १५,८५० झाले, त्यातून भंगाराचे ११४० वजा केले की १४,७१०. बोहारणीचं पातेलं मी धरलं नाही. वन्सं आल्या, पहिल्या दिवशी सकाळी नऊला उठल्या, त्या एरवी सहाला उठतात. भाऊजींनी फक्त विचारलं की त्या कोपऱ्यात प्लास्टर उघडं का आहे.

तो कोपरा तसाच आहे अजून. दसऱ्यानंतर परत प्लास्टिक लावून बघितलं तर थोडं पाणी दिसलं, म्हणजे वाळायला वेळ लागणार, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मारणार. त्यासाठी अर्धा लिटर रंग बाजूला काढलाय. मोठ्या डब्यात तळाशी ठेवला तर साय धरून वाळतो, म्हणून घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा आणि बरणीवर शेडचा नंबर आणि तारीख मार्करने लिहा. आमच्याकडे माळ्यावर अशा नंबर नसलेल्या चार बरण्या निघाल्या, कोणत्या खोलीच्या कोणालाच आठवेना.